माहेरचं पाणी

८ जुलै, मंगळवार

आज चिचबोडीच्या तलावात जिरे सोडले. या हंगामातला बारावा तलाव. जिरे म्हणजे माशाचं कोवळं पिल्लू, खरोखरच जिऱ्याएवढं. सायकलला ॲल्युमिनियमची हंडी बांधून, वाटभर हाताने पाणी खळबळवत गावोगाव जिरे विकणारा मी, खुशाल मांढरे, आता ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या गाडीतून पाठवतो. पोंभुर्ण्याच्या वाटेवर माझी स्वतःची हॅचरी आहे, म्हणजे माशाची अंडी फळवायची तळी, आणि पाटीवर माझा फोटोही आहे. फोटो माझ्या बायकोला, भागीरथेला, पटत नाही. म्हणते, "निवडणुकीले उभे राह्यल्यासारखे दिसता."

चिचबोडीत ढिवरांच्या मासेमारी संस्थेचे अध्यक्ष मुखरूभाऊ पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभेच होते. पिशव्यांकडे पाहिलं नाही, आधी कॅन मागितला.

"माहेरचं पाणी कुठी हाय?"

ही आमची जुनी रीत. जिरे ज्या तळ्यातले, त्या तळ्याचं पाणी आधी नव्या तलावात ओतायचं, मग पिल्लं सोडायची. म्हणजे ती रुळतात. बाबा लोटाभर न्यायचे. मी लोट्याचा वीस लिटरचा निळा कॅन केला. प्रत्येक गिऱ्हाइकाला, न मागता. तेलंगणाकडून बीज आणणारे पिशव्या पाळीवर टाकून निघून जातात. लोक माझ्याकडे येतात ते या कॅनमुळेच, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मुखरूभाऊंनी कॅन रिकामा केला, ओला हात कपाळाला लावला आणि म्हणाले, "नांदतीन आता बापा."

घरी आलो तर भागीरथेच्या तळव्याला चिंधी बांधलेली. हॅचरीच्या दोन नंबरच्या तळ्यात उतरली होती, माशांचा पिंजरा तरंगता ठेवणाऱ्या ड्रमला पाय घासला. "त्या डरमाले खालून काय चिपकलं हाय ते पाहा एकदा. ब्लेडासारखं लागते." ते ड्रम मी फेब्रुवारीत परराज्यातल्या एका धरणावरून आणले, जुने, दोऱ्यांसकट ओलेच. चांगला सौदा होता. शेवाळ वाळून टोचत असेल, म्हटलं.

१२ जुलै, शनिवार

माझे कान तिखट आहेत. हंडीतल्या पाण्याच्या आवाजावरून मला जिरे दमलेत की नाही ते कळायचं. आज चहाच्या टपरीवर माझ्या पाठीमागे दोघे बोलत होते, अगदी हळू.

"खुशालच्या बीजात कायतरी निघालं म्हंते."

"काय निघालं?"

"कालेजची बाई पाणी नेऊन पाहून राह्यली. चिचबोडीचं."

मी वळून हसलो, दोघांना चहा सांगितला. ते ओशाळले. पण चहा मला गेला नाही.

दुपारी फोन आलाच. रंजीता खोब्रागडे, चंद्रपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. तलावांच्या पाण्यातल्या बारीक जिवांचा अभ्यास चालू आहे. "भाऊ, चिचबोडीच्या पाण्यात एका शिंपल्याची पिल्लं दिसताहेत. आपल्याकडचा शिंपला वाटत नाही. तुम्ही तिथे बीज सोडलंत ना? येऊन पाहाल का?"

मी म्हटलं, येतो. बोलताना आवाज गोड ठेवला. तेलंगणाच्या बीजवाल्यांचंच हे काम असणार.

१५ जुलै, मंगळवार

चंद्रपूर. रंजीताबाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलणं मोजकं. सकाळीच चिचबोडीहून ताजं पाणी आणलं होतं, रेशमी जाळीतून गाळून चमचाभर केलेलं. असं गाळून पाहणं मला नवं नाही. माझ्याकडेही सूक्ष्मदर्शक आहे, अंडी फळली की नाही ते पाहायला. बाईंना हे माहीत नव्हतं. दहावी नापास माणूस नळीत डोळा घालून स्वतःच फोकस जुळवतो म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

मी म्हटलं, "बाई, शिंपल्याची पिल्लं आमी रोज पायतो. माशाच्या कल्ल्याले, पराले चिपकून असतात."

"ती आपल्या शिंपल्याची. टाळी वाजवल्यासारखी शिंपली मिटतात आणि माशाला धरतात. त्यांना पोहता येत नाही. ही पाहा."

ही पोहत होती. केसाच्या जाडीएवढा जीव, पारदर्शक, एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने गोल. पुढे झालरीसारखं काहीतरी फडफडत होतं, त्यावर ते गिरक्या घेत चाललेलं.

बाईंनी सांगितलं की हा परदेशातला सोनेरी शिंपला असू शकतो. पिल्लू दोनेक दिवसांचं असताना शिंपलीची एक बाजू सरळ असते. आठवड्याभरात त्या सरळ बाजूवर उंचवटा येतो. मग पाय फुटतो आणि दोनेक आठवड्यांत ते दगडाला, पाइपला, जाळ्याला धाग्यांनी चिकटून बसतं. एकावर एक, हजारांनी. पाणीपुरवठ्याचे पाइप बंद होतात. वर पाण्यातलं बारीक खाद्य तेच गाळून खातात, माशांच्या पिल्लांना उरत नाही.

मी थेंबभर पाणी हळूहळू सरकवत गेलो. एका ठिकाणी थांबलो. "बाई, हे पाहा. याले तर पाय हायेत!"

त्या वाकल्या. शिंपलीसारखंच कवच, पण आतून बारीक पाय बाहेर काढून ते टुणकन पळालं. बाईंचा चेहरा उतरला. तो पाण्यातला किडा होता, कवचवाला. शिंपल्याशी काही संबंध नाही. त्यांनी तीस पिल्लं मोजली होती, त्यांत हे किती शिरलेत कोण जाणे!

खोटं का बोलू, मला आनंद झाला. बाहेर येऊन भागीरथेला फोन करून सांगितलं, "बाईची मोजणी चुकली."

पण बाई हुशार. म्हणाल्या, दोन खास काचा लावल्या तर शिंपल्याचं पिल्लू अंधारात चमकतं आणि त्याच्या अंगावर काळी फुली दिसते. किड्याचं कवचही चमकतं, पण अशी रेखीव फुली नसते. ती काच कॉलेजात नाही, मागवायला महिना लागेल. मी म्हटलं, काच कशी असते? गॉगलसारखी? मोबाइलच्या पडद्यावर असते तशी? मग महिना कशाला? बाजारात गेलो, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून फुटक्या पडद्यांवरचे दोन तुकडे सोलून आणले. एक खाली, एक वर. वरचा फिरवत गेलं की सगळं काळं होतं.

माझं बीज निर्दोष ठरवायला मी स्वतःच्या हाताने काच आणून दिली. उद्या मोजणी.

१६ जुलै, बुधवार

तिसातले एकोणीस किडे. अकरांवर फुली.

काळ्या अंधारात अकरा चांदण्या, प्रत्येकीवर काळी फुली. मी तीन वेळा पाहिलं.

बाईंनी त्यांची वयं लावली. काही पाय फुटलेली, बाकी सगळी उंचवट्याची. सरळ बाजूची, दोन-तीन दिवसांची, एकही नाही. मी विचारलं, लहान काऊन नाईत?

"तेच तर. गावात तरणे आहेत, म्हातारे आहेत, पण पाळण्यात कोणीच नाही. मग त्यांच्या आया त्या गावात नाहीत, भाऊ. सगळी बाहेरून आली. आणि सगळ्यात लहान जे आहे ते पाण्याच्या नमुन्यात सात दिवसांचं आहे. म्हणजे ती सात दिवसांपूर्वी आली असावीत. एखादा दिवस इकडेतिकडे."

नमुना पंधरा तारखेचा. म्हणजे आठ तारीख.

मुखरूभाऊंना फोनवर विचारलं, आठ तारखेला तलावावर कोणी परका आला होता का, कोणी मोटार लावली होती का, जाळं धुतलं होतं का? ते म्हणाले, कोणी नाही. त्या दिवशी मीही त्यांच्यासोबत पाळीवर होतो. मलाही वेगळं काही दिसलं नाही.

१८ जुलै, शुक्रवार

सकाळी ठरवलं, आपल्या तळ्यांचं पाणी गाळून बाईंना चिठ्ठी पाठवायची: सगळं साफ. पडद्याचे तुकडे मी मागून आणले होतेच.

एक नंबर: काही नाही. तीन नंबर: काही नाही.

दोन नंबर: वरचा तुकडा फिरवला, अंधार झाला, आणि सगळं आभाळ भरलं. मोठी, मधली, आणि ती सरळ बाजूची, दोन दिवसांची, मोजता येईनात इतकी. पाळणे भरलेले.

तळ्यात उतरलो. ड्रमच्या खाली हात घातला. मूठभर निघाले, सोनेरी तपकिरी, नखाएवढे, धाग्यांनी एकमेकांना धरलेले. ओढले तर तुटेनात.

बारा तलाव. बारा निळे कॅन. प्रत्येक कॅन मी दोन नंबरमधूनच भरत आलो, कारण त्याचं पाणी सगळ्यात हिरवं, खाद्य भरपूर.

कोणाला बोललो नाही. जेवलो. भागीरथेने विचारलं, "काऊन चूप?" म्हटलं, उकाडा हाय.

उद्या वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या जंगलातल्या सरकारी धरण प्रकल्पाची खेप आहे. आजवरची सगळ्यात मोठी. त्यासाठी मी तीन वर्षं त्या ऑफिसच्या बाकावर बसलो आहे. जिरे दोन नंबरमध्येच आहेत.

१९ जुलै, शनिवार

खेप पाठवली.

प्रफुल पंधरा वर्षं माझी गाडी चालवतो. त्याने सवयीने कॅन उचलला. मी म्हटलं, "राहू दे."

"कॅन नाई न्यायचा? भाऊ, साहेब लोकं विचारतीन."

"साहेबाले काय समजते माहेर-सासर. राहू दे म्हटलं ना."

गाडी गेली. मला बरं वाटलं. धंदाही राहिला, कॅनही घरी राहिला. भागीरथा ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगून टाकलं, ड्रमचं, बारा तलावांचं, आणि आज कॅन कसा थांबवला तेही. तिने सूप खाली ठेवलं.

"आन् पिशव्यांतलं पाणी कोणत्या तळ्याचं हाय?"

मी फोन लावला. नॉट रीचेबल. नदी ओलांडली की जंगलात रेंज नसते. मोटारसायकल काढली. पुलावर पोचलो तेव्हा दहा वाजले होते. त्याच्यापुढे अठ्ठावीस किलोमीटर, अर्धा रस्ता खोदलेला. मी पोचलो तेव्हा प्रफुल रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत होता.

"तुमी काऊन आले भाऊ? झालं सगळं. मस्त पोहून राह्यले."

जिरे मोठ्या जलाशयात नाहीत, एवढंच नशीब. काठाला मातीचा बांध घालून एक छोटं तळं केलंय, पिल्लं वाढवायला. तिकडे पाणी, इकडे पाणी, मधे बांध. जलाशय भरत गेला की पाणी बांधावरून जाईल आणि दोन्ही एक होतील. आज बांध चार हात वर आहे.

मी साहेबांना नमस्कार केला, चहा घेतला आणि परत आलो.

पिशव्यांचं पाणी मला खरंच सुचलं नव्हतं का? तीस वर्षं पिशव्या भरतोय.

२३ जुलै, बुधवार

चिचबोडीच्या समाजमंदिरात संस्थेची सभा. मी स्वतः बोलावायला लावली. रंजीताबाई आल्या होत्या. मी उभा राहिलो आणि सांगितलं: शिंपला माझ्या तळ्यातला. ड्रम मी आणले. कॅनमधून मी पोचवला.

मग मासळी विकणाऱ्या बायनाबाई उठल्या.

"आमाले वाटे खुशालभाऊ एक चीज फुकट देते. बीजासंगं पाणी फुकट! आता समजलं पाण्यात काय होतं. पाटीवरचा फोटो काढा भाऊ, शिंपला लावा."

हसले काही जण. मीही हसायला गेलो, जमलं नाही.

मुखरूभाऊ बाईंना म्हणाले, "मॅडम, उपाय काय ते सांगा. खुशालले मारून तलाव साफ होत नाई."

बाईंनी सांगितलं: पूर्ण वाळला की हा मरतो. तलाव उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत वाळला पाहिजे. तोवर इथलं जाळं, डोंगा, पाणी, काहीच दुसऱ्या तलावावर न्यायचं नाही. त्यांनी बाकीचे तलाव विचारले. मी एकेक नाव सांगत गेलो, मुखरूभाऊ सांगत गेले: हा वाळते, हाही वाळते, हा तर एप्रिलातच. अकरा आपोआप वाळतात. बारावा चिचबोडीचा, तो वाळत नाही. मग सभेत ठरलं, फेब्रुवारीत मासे काढायचे, गेट उघडून पाणी शेतातच जिरवायचं आणि तलाव कोरडा करायचा. म्हणजे उन्हाळ्याची मासेमारी गेली. बेचाळीस घरं. गुरांचं पाणीही गेलं.

मुखरूभाऊंनी हात वर केला. मग सगळ्यांनी केला.

बाईंनी वहीतून मान वर केली. "भाऊ, एवढेच ना? बाराच?"

"बाराच," मी म्हटलं.

घरी परतताना प्रफुल गाडीच्या आरशात माझ्याकडे पाहत होता.

२४ जुलै, गुरुवार

दोन नंबर रिकामं केलं, पाणी शेताच्या खड्ड्यात जिरवलं, नदीकडे थेंब जाऊ दिला नाही. उरलेले शिंपले मरावेत म्हणून चुना टाकला. ड्रम जाळले. कष्टाचं काम केलं की झोप लागते म्हणतात. लागली नाही.

भागीरथा म्हणाली, "बायनाबाई आली होती. तुमी हिमतीचे म्हंते. बारा तलाव सभेत सांगतले." मग थांबून म्हणाली, "मोजता येते मले."

बाकीचे बारा वाळतील. तो जलाशय कधीच वाळत नाही. त्याचे कालवे किती गावांत जातात, मी नकाशावर पाहिलं आणि नकाशा मिटला. सरकारी पाणी आहे. सांगितलं तर हॅचरी जाईल, कदाचित मीही तुरुंगात जाईन. न सांगितलं तर कोणाला कळणार? दोन वर्षांनी कालव्यात शिंपले निघतील, आणि कोणी म्हणेल, तेलंगणाकडून आले असतील.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो.

२६ जुलै, शनिवार

परवापासून पाऊस. प्रफुलला सकाळी पलीकडे धाडलं, कारण दिलं की जिऱ्यांना खाद्य टाकून ये. दुपारी रेंजमध्ये आल्याबरोबर त्याने फोन केला.

"भाऊ, बांध हातभर राह्यला. पाणी चढूनच राह्यलं. चौकीदार म्हंते उद्या सांजेपर्यंत वरून जाते." आणि मग, न विचारता, "मले पंधरा वर्षं झाले तुमच्याकडे. कॅन काऊन ठेवला ते मले तवाच समजलं. मी तरी गेलो ना. माह्यंही नाव सांगा."

मी फोन ठेवला आणि रंजीताबाईंना लावला. म्हटलं, "बाई, बारा नाईत. तेरा हायेत."

त्यांनी विचारलं, "कोणत्या तारखेला सोडलं?"

"एकोणीस."

"आणि तुमच्या तळ्यात कधी दिसलं तुम्हाला?"

"अठरा."

त्या म्हणाल्या, "चुना किती आहे तुमच्याकडे?" एवढंच.

२७ जुलै, रविवार

सकाळी सातला निघालो. गाडीत मी, प्रफुल, रंजीताबाई, आणि उरलेला सगळा चुना. मूल गावच्या फाट्यावर मुखरूभाऊ आणखी सहा जणांना घेऊन उभे होते. बाईंनी कळवलं असणार. मी गाडीचं दार उघडलं. ते माझ्याकडे न पाहता मागे चढले.

प्रकल्पाचे शाखा अभियंता साहेब रविवारी जंगलात यायला तयार नव्हते, पण आले. बांध वीतभर उरला होता. बाईंनी त्यांना चार वाक्यांत समजावलं. साहेब म्हणाले, टाका. आधी बांधावर मातीची पोती रचली. मग आम्ही दहा माणसं काठाने आणि डोंग्यातून चुना टाकत गेलो. पाणी दुधाळ झालं. थोड्या वेळाने जिरे वर येऊ लागले. माझेच. पांढरी पोटं, सगळीकडे. मुखरूभाऊ माझ्या शेजारी उभे होते. पहिल्यांदाच बोलले.

"चांगलं बीज होतं."

बाईंनी बांधाच्या बाहेरच्या बाजूने चार जागचं पाणी गाळलं. सूक्ष्मदर्शक ऑफिसच्या टेबलावर मांडला. त्यांनी पाहिलं, मग मला बसवलं. फुली दिसली नाही. त्या म्हणाल्या, आज दिसली नाही एवढंच. दर आठवड्याला पाहावं लागेल, वर्षभर. मी म्हटलं, मी येतो पाहायला, ठेवलं तर.

संध्याकाळी पाणी बांधाला टेकलं. पोती धरून होती.

मग साहेबांनी कोरा कागद आणि आपला पेन पुढे केला. जबाब. ते माझ्याशी चांगले वागले, हे लिहिलंच पाहिजे. खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "मांढरे, 'अनवधानाने सोडण्यात आले' असं लिहा. सवयीची चूक. तुम्हीही मोकळे, आमचंही ऑफिस मोकळं. तारखा कशाला घालता?"

दारात बाई चपला शोधत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. बाहेर प्रफुल आणि मुखरूभाऊ एकाच बिडीवर होते. मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, पावसाबद्दल चाललं होतं.

मी लिहिलं: मी, खुशाल मांढरे, माझ्या तळ्यात हा शिंपला आहे हे १८ जुलैला पाहिले. १९ जुलैला, माहीत असून, त्याच तळ्याच्या पाण्यात बीज पाठवले. चालकास सांगितले नव्हते.

साहेबांनी वाचलं. "हे 'माहीत असून' खोडा. अजून वेळ आहे."

मी काही न खोडता सही केली, म्हटलं, "साहेब, पेन तुमचा हाय, घ्या," आणि पेनासकट कागद त्यांच्याकडे सरकवला.